कुठला प्रकल्प घेऊ, बाई?

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, की हा प्रश्न सुरू होतो. तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन तोंडावर आलेलं असतं. पत्रकात एक मुख्य विषय असतो आणि त्याखाली आरोग्य, वाहतूक, शेती, कचरा असे उपविषय. मुलं पत्रक वाचतात, मोबाइलवर दोन-चार व्हिडिओ बघतात आणि मग माझ्याकडे येतात. विचारणाऱ्याच्या आवाजात घाई असते. एकदा विषय मिळाला की पुढचं काम ठरलेलं: चार्टपेपर, फेव्हिकॉल, रंग आणि पाठ केलेली माहिती.

मी माणदेशातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. मुलांना घेऊन तालुक्याला जाते, कधी दुसऱ्या तालुक्यात परीक्षक म्हणून बसते. इतकी वर्षं हे बघून माझं एक मत पक्कं झालं आहे. प्रकल्पातलं निम्म्याहून जास्त विज्ञान विषय ठरवण्यात असतं, आणि आपण नेमकं तेच काम मधल्या सुट्टीत उरकून टाकतो.

प्रदर्शनाच्या मंडपातून फेरी मारली की ओळखीचे चेहरे भेटतात. सिरिंजवर चालणारा जेसीबी. सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी. ठिबकचं हिरवंगार शेत. छपरावरचं पाणी टाकीत नेणारं घर. लेझरची रेघ तुटली की वाजणारा बझर. या कशालाही मी नावं ठेवणार नाही. सिरिंजच्या जेसीबीत पास्कलचा नियम आहे, म्हणजे बंद द्रवाला दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, आणि तो पहिल्यांदा स्वतःच्या बोटांना जाणवतो तेव्हाचा मुलाचा आनंद खोटा नसतो. पण त्या मुलाला मी विचारते, "हे करताना तुला आधी माहीत नसलेलं काय कळलं?" आणि तो मुलगा परत पहिल्यापासून पाठ म्हणायला लागतो. त्याचा काही दोष नाही. त्याचा जेसीबी चालणार हे त्यानं पहिली सिरिंज विकत घेतली तेव्हाच ठरलेलं होतं.

त्याच जेसीबीला एखादा प्रश्न विचारून बघा. दाबायची सिरिंज लहान घेतली आणि उचलायची मोठी, तर किती जास्त वजन उचललं जातं? पुस्तक म्हणतं तेवढंच, की कमी? कमी असेल तर राहिलेला जोर कुठे गेला? नळी हातभर ठेवली आणि नंतर दहा हात केली, तर दुसरा दट्ट्या हलायला उशीर लागतो का? पाण्याऐवजी गोडेतेल भरलं तर? साहित्य तेच, खर्च तोच, पण आता मुलाला उत्तर माहीत नाही. बऱ्याचदा मलाही नसतं. तिथून पुढे आम्ही दोघं एकाच बाजूला उभे राहून बघायला लागतो, आणि शिक्षकाच्या नोकरीत मला याहून मोठं सुख मिळालेलं नाही.

28 फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. 1928 साली त्या दिवशी रामन परिणामाचा शोध लागला आणि 1930 मध्ये सी. व्ही. रामन यांना नोबेल मिळालं, हे आमची पाचवीतली मुलंसुद्धा भाषणात सांगतात. मला मात्र त्याच्या सात वर्षं आधीचा प्रसंग सांगावासा वाटतो. 1921 साली रामन इंग्लंडहून बोटीनं परत येत होते. भूमध्य समुद्राच्या निळ्या रंगानं त्यांना थांबवलं. समुद्र निळा दिसतो ते आकाशाचं प्रतिबिंब असतं, असं लॉर्ड रेले यांच्यासारख्या मोठ्या शास्त्रज्ञानं सांगून ठेवलं होतं. रामन यांच्याजवळ एक निकॉल प्रिझम होता. ठरावीक कोनातून त्यातून बघितलं की पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होऊन येणारा उजेड अडवता येतो. त्यांनी तो अडवला. आकाशाचं प्रतिबिंब गेलं आणि समुद्र तरीही निळाच राहिला. रंग पाण्याच्या आतून येत होता. प्रकाश विखुरण्यावरचं त्यांचं पुढचं सगळं काम या वाटेनं गेलं. डोळ्यांसमोर रोज दिसणारी गोष्ट, तिचं सगळ्यांनी मान्य केलेलं उत्तर आणि ते उत्तर खरं आहे का हे तपासायला एक लहानसं साधन, एवढ्यावर विषय उभा राहिला होता.

"पण बाई, ते रामन होते," असं मुलं म्हणतात. मग मी त्यांना टांझानियातल्या एरास्टो एम्पेम्बाची गोष्ट सांगते. 1963 साली हा मुलगा शाळेत आइस्क्रीम करत होता. दूध उकळून, साखर घालून, ते निवलं की फ्रीजरमध्ये ठेवायचं अशी रीत होती. फ्रीजरमधली जागा जाईल म्हणून यानं दूध गरम असतानाच आत ठेवलं, आणि त्याचं दूध इतरांच्या आधी गोठलं. शिक्षकांना विचारलं तर तुझा काहीतरी गोंधळ झाला असेल, असं उत्तर मिळालं. त्यानं प्रश्न सोडला नाही. पुढे डेनिस ऑस्बर्न नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक त्याच्या शाळेत व्याख्यानाला आले, तेव्हा त्यानं भर वर्गात तोच प्रश्न विचारला. वर्ग हसला. ऑस्बर्न यांनी मात्र परत गेल्यावर प्रयोग करवून बघितला, आणि 1969 साली दोघांच्या नावानं लेख प्रसिद्ध झाला. गरम पाणी खरोखर आधी गोठतं का, कधी गोठतं आणि का, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. एका शाळकरी मुलाच्या प्रश्नानं एवढी वर्षं मोठमोठ्या प्रयोगशाळांना कामाला लावलं.

ही गोष्ट सांगताना मला त्या मुलापेक्षा त्याच्या शिक्षकांची जास्त काळजी वाटते. "तुझा गोंधळ झाला असेल" हे वाक्य आपल्या जिभेवर किती तयार असतं!

आता विषय कुठे शोधायचा. मी मुलांना सांगते की आठ दिवस काहीही ठरवू नका. एक वही घ्या. घरात, शेतात, रस्त्यावर मोठी माणसं जे ठामपणे बोलतात ते तिच्यात लिहा. माठ वाळूवर ठेवला की पाणी जास्त गार होतं. लोखंडी कढईत दूध लवकर नासतं. अमक्या विहिरीचं पाणी डाळ शिजू देत नाही. लिहून झालं की प्रत्येक वाक्यापुढे लिहा: हे खरं आहे का, आणि मला ते मोजता येईल का?

मागे नववीतली एक मुलगी 'जलप्रदूषण' असा विषय घेऊन आली होती. विषय मोठा, आणि तिच्या वस्तीवर नदीही नाही, ओढाही नाही. मी तिला वही दिली. आठ दिवसांनी तिच्या वहीत एक वाक्य होतं: "आज्जी म्हणते, पिठाची विरी गेली." ज्वारीची भाकरी थापणाऱ्या घरात हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं. दळून बरेच दिवस झालेल्या पिठाची भाकरी थापताना कडेनं फाटते. गव्हात ग्लुटेन असतं, ते कणकेला धरून ठेवतं. ज्वारीत ते नाही, म्हणून आपण कढत पाणी घालतो. त्यानं पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि भाकरी एकसंध राहते. इथपर्यंत पुस्तकातून मिळालं. पण विरी किती दिवसांनी जाते? आणि विरी मोजायची कशी?

या शेवटच्या प्रश्नावर आम्ही बरेच दिवस घालवले आणि त्याबद्दल मला काडीची खंत नाही. आधी तिनं पिठाची पट्टी लाटून तिला वजन टांगायचं ठरवलं. पट्टी उचलतानाच तुटायची. मग तिच्याच डोक्यात आलं की भाकरी फाटते तेच मोजावं. सारख्या वजनाचा गोळा घ्यायचा, थापत जायचं, आणि कड पहिल्यांदा चिरली की थांबून पट्टीनं व्यास मोजायचा. जितका व्यास मोठा तितकी विरी जास्त. एका मुलीनं स्वतः शोधलेलं मोजमाप होतं हे!

थापणार कोण? आज्जी. तिच्यासारखा सारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही. पण आज्जीला पीठ कुठलं हे कळलं तर हात नकळत हलका-जड होणार. म्हणून डब्यांवर नुसती अक्षरं लिहिली आणि कुठल्या अक्षराचं पीठ किती जुनं हे फक्त धाकट्या भावाला माहीत ठेवलं. सगळी ज्वारी एकाच पोत्यातली, गिरणी एकच, पण दळण वेगवेगळ्या तारखांना आणलं, म्हणजे परीक्षा एकाच दिवशी घेता येईल. पाणी मोजून, तेही एकाच पातेल्यातलं. औषधांच्या चाचण्यांमध्ये हेच सगळं करतात, फक्त तिथे त्याला भारदस्त नावं असतात.

ताज्या पिठात आणि महिनाभर जुन्या पिठात फरक स्वच्छ दिसला. आठ दिवसांच्या आणि पंधरा दिवसांच्या पिठात तिला फरक दाखवता आला नाही. प्रदर्शनात एका परीक्षकांनी विचारलं, याचा समाजाला उपयोग काय? ती म्हणाली, "दळण पंधरा दिवसांचं आणलं तरी चालतं, सर. आईची गिरणीची एक खेप वाचली." त्या उत्तराचा मला फार अभिमान वाटला आणि अजूनही वाटतो.

आमच्याकडे वर्षाला जेमतेम 500 मिलिमीटर पाऊस. पावसाबद्दल बोलत नाही असं माणूस इथे नाही. म्हणून पाऊस मोजणं हा विषय मी दर वर्षी कुणाच्या तरी गळी उतरवते. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, आणि मंडळात अनेक गावं असतात. पर्जन्यमापक एका जागी, शेतं मैलोगणती पसरलेली. आमच्या शिवारात ढग फुटला आणि यंत्राजवळ भुरभुर झाली, ही तक्रार पारावर दर पावसाळ्यात ऐकू येते. ती किती खरी आहे हे नववीतला मुलगा तपासू शकतो. सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली घ्यायची, वरचा भाग कापून उलटा बसवायचा म्हणजे गाळणं तयार. बाटलीचा बूड उंचसखल असतो, तिथे खडे टाकून शून्याच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं. गाळण्याचं तोंड आणि बाटली यांचा व्यास एकच हवा, नाहीतर मिलिमीटर खोटे पडतात. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हे मुलांना एकदा करून दाखवलं की ती विसरत नाहीत. हवामान खातं रोज सकाळी साडेआठला नोंद घेतं, आपणही साडेआठलाच घ्यायची. गावाच्या चारी अंगांना चार बाटल्या ठेवल्या आणि एक पावसाळा नोंद ठेवली की आकडे बोलायला लागतात. मात्र हा विषय जूनमध्ये सुचायला हवा. दिवाळीनंतर विषय शोधणाऱ्यांच्या हातून पाऊस गेलेला असतो, आणि प्रदर्शनात पावसावरचे खरे प्रकल्प इतके कमी दिसतात त्याचं कारण हेच आहे.

1993 पासून चालणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत अशा स्थानिक अभ्यासाला खूप वाव असतो. 10 ते 17 वयाची मुलं आपल्या गावातला प्रश्न घेऊन पाहणी करतात, नोंदी ठेवतात. ज्या शिक्षकांना प्रतिकृतींचा कंटाळा आला असेल त्यांनी तिकडे जरूर वळावं.

एक विषय मात्र असा आहे जो मुलांनी घ्यावा असं मला मनापासून वाटतं, आणि घ्यायला धीर लागतो. तो म्हणजे पाणाड्या, जमिनीखालचं पाणी कुठे आहे ते सांगणारा माणूस. बोअर मारायच्या आधी आमच्याकडे पाणाड्याला बोलावतात. कुणी दुबेळक्याची फांदी धरून शिवारातून चालतं, कुणी तळहातावर नारळ आडवा ठेवतं आणि तो उभा राहिला की तिथे खूण करतं. ही माणसं बहुतेक वेळा गावातलीच असतात, कुणाचे अण्णा, कुणाचे तात्या, आणि त्यांचा स्वतःच्या हातावर पुरा विश्वास असतो. त्यामुळे मुलानं त्यांच्याकडे आदरानं जायचं, हसत-खिदळत नाही. काय जमतं असं त्यांना वाटतं, कुठल्या परिस्थितीत जमतं, हे आधी त्यांच्याच तोंडून लिहून घ्यायचं. साठलेलं पाणी कळत नाही, वाहतं कळतं, असं ते म्हणाले तर परीक्षा वाहत्या पाण्याचीच हवी. जर्मनीतल्या कासेल इथे 1990 मध्ये 30 पाणाड्यांबरोबर तशीच परीक्षा झाली होती. जमिनीखाली 50 सेंटिमीटरवर नळ पुरला होता, पाणी चालू आहे की बंद एवढंच सांगायचं होतं. परीक्षेच्या अटी त्या सगळ्यांना आधी मान्य होत्या. उत्तरं अंदाजानं येतील तेवढीच बरोबर आली.

गावात याहून सोपा मार्गही आहे, आणि तो मला जास्त आवडतो. गावातल्या बोअरची यादी करायची. किती जागा पाणाड्यानं दाखवल्या, किती मालकानं आपल्या सोयीनं ठरवल्या, दोन्हींत किती फेल गेल्या, पाणी किती फुटांवर लागलं. "पाणाड्यानं दाखवलं आणि पाणी लागलं" या वाक्याला, न दाखवता मारलेल्या बोअरशी ताडून बघितल्याशिवाय काहीच अर्थ नसतो. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरांमध्ये असतं, त्यामुळे काही शिवारांत कुठेही खणलं तरी थोडंफार लागतं आणि काही ठिकाणी शेजारची बोअर भरभरून चालत असताना आपली कोरडी निघते. शिवाय फेल गेलेली बोअर लोक सांगत नाहीत. दगडानं बुजवलेली ती तोंडं मुलांना स्वतः हिंडून शोधावी लागतात. कर्ज काढून मारलेल्या बोअरचा हिशोब आहे हा. याहून उपयोगी विषय आमच्या तालुक्यात दुसरा सापडणं अवघड आहे.

मुलांना हे झेपेल का, असं पालक विचारतात. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या एमिली रोझा नावाच्या मुलीनं 1996 साली शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी असंच काहीसं केलं होतं. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. रुग्णाच्या अंगाला हात न लावता त्याच्याभोवतीची ऊर्जा आपल्याला जाणवते, असं म्हणणारे उपचारक तिथे होते. एमिलीनं पुठ्ठ्याचा पडदा केला. उपचारकांनी दोन्ही हात पडद्याच्या छिद्रांतून पलीकडे काढायचे, आणि ही नाणं उडवून ठरवणार की आपला हात त्यांच्या डाव्या हातावर धरायचा की उजव्या. कुठल्या हातावर आहे एवढंच त्यांनी सांगायचं. 21 उपचारकांनी 280 वेळा उत्तर दिलं, त्यातली 123 बरोबर आली, म्हणजे 44 टक्के. नुसत्या नाण्यानं उत्तर दिलं असतं तरी निम्मी बरोबर यायला हवी होती. 1998 मध्ये हे काम अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आलं. पुठ्ठा आणि नाणं! वर्षानुवर्षं मोठ्यांना न सुचलेली परीक्षा तिला सुचली, कारण मोठी माणसं त्या उपचारामागच्या सिद्धान्तावर भांडत होती आणि हिनं फक्त विचारलं की हात जाणवतो का.

काही विषयांना मी सरळ नाही म्हणते. घरी बुरशी किंवा जिवाणू वाढवायचे नाहीत. जनावरांना उपाशी ठेवून, औषध पाजून काही बघायचं नाही. कुणाला गोळी-काढा देऊन तर नाहीच. 'जागतिक तापमानवाढ' असा विषय आला की मी विचारते, आपल्या शाळेचा पत्रा आणि कौलं यांच्याखालचं दुपारचं तापमान वेगळं असतं का? तिथून सुरू करू.

आणि बाजारातून तयार प्रतिकृती आणणाऱ्या पालकांना मी हात जोडून सांगते, की पोराला एक थर्मामीटर आणि घरातला वजनकाटा द्या. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी गार होतं, हे पाठ असतं सगळ्यांना. दहा लिटर पाणी सहा अंशांनी गार करायला किती पाणी वाळावं लागेल? बाहेरची उष्णता सोडून दिली तर हिशोबानं शंभर ग्रॅमच्या जरा वर येतं. मग माठाचं खरोखरचं वजन किती घटलं? हिशोबापेक्षा नेहमीच बरंच जास्त, कारण बाहेरची उष्णता आत येतच राहते. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात किती, आणि कोकणात मामाच्या घरी दमट हवेत किती? दोन घरं, दोन माठ, एक मे महिना. पुढच्या डिसेंबरच्या प्रदर्शनाचा विषय तिथे तयार आहे.

यंदाच्या वह्या अजून चालू आहेत. एकीनं लिहिलंय, शाळेची घंटा चिंचेखाली ऐकू येते पण टाकीच्या मागे येत नाही. एकाला खिल्लार बैलाचं शिंग बुडाशी गरम आणि टोकाला गार का लागतं हे हवं आहे. आठवीतल्या एका मुलाच्या घरी मिठाच्या बरणीत तांदूळ टाकतात, म्हणजे मीठ पाझरत नाही म्हणे. खरंच पाझरत नाही का, की तांदूळ टाकल्याचं नुसतं समाधान? आता पाऊस नाही, हवा कोरडी, मग दमटपणा आणायचा कुठून, यावर तो दोन दिवस अडला होता. काल येऊन म्हणाला, झाकणाचे दोन मोठे डबे घेतो, दोन्हींत पाण्याची वाटी ठेवतो, एकातल्या मिठात तांदूळ आणि दुसऱ्यातल्या मिठात काहीच नाही. मी विचारलं, तांदळानंच पाणी ओढलं तर मिठाचं वजन वेगळं कसं काढणार? तो विचार करायला गेला आहे.